धागा: लिस्टर नमुन्याच्या पंपसेटचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइड लेथवर बनवायचा आहे

पादरा_पंपसेट
नमस्कार मंडळी. वडोदऱ्याजवळ पादरा बाजूच्या शेतावर लिस्टर नमुन्याचं सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन आहे. ६५० आरपीएम, बोअर ११४.३ मिमी, स्ट्रोक १३९.७ मिमी. एक्झॉस्ट गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती, झिजून संपला आहे. बाजारातला तयार गाइड बाहेरून १५.९० भरतो आणि हेडमधलं भोक १५.८९ झालंय, म्हणजे तो जवळजवळ हातानेच सरकतो. तेव्हा बनवणंच आलं.

मापं अशी (सगळी मिमीमध्ये):
जुना गाइड लांबी ७२ (हेडच्या वर २२, हेडमध्ये ४४, पोर्टमध्ये ६). कॉलर नाही, सरळ आहे.
गाइडचं आतलं भोक वर ९.५६, पोर्टच्या तोंडाला ९.७४.
व्हॉल्व्हची दांडी न घासलेल्या जागी ९.४७, घासलेल्या जागी ९.४४.

लेथ साडेचार फुटी, बेल्टचा, बॅक गिअरवाला. थ्री जॉ चकचा रनआउट (फिरताना केंद्रापासून डुलणं) ०.१ च्या आसपास. विचार असा आहे: फॉस्फर ब्राँझचा रॉड चकमध्ये धरायचा, ९.५ चं ड्रिल, ९.५ एच७ रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार, एच७ म्हणजे मापातल्या फरकाची ठरलेली मर्यादा), त्याच सेटिंगमध्ये बाहेरचा व्यास १५.९३, पार्टिंग (तुकडा कापून वेगळा करणं), आणि हातोड्याने हेडमध्ये. यात काय बदलावं?

टेलस्टॉक
चार गोष्टी बदला: मटेरियल, रीमर, क्रम आणि हातोडा. म्हणजे जवळजवळ सगळंच, पण मापं चांगली घेतलीत म्हणून पुढचं सोपं आहे.

आधी रीमर. हे इंजिन इंचात जन्मलेलं आहे, मिलिमीटरमध्ये विचार केला की गोंधळ होतो. दांडी ९.४७ म्हणजे तीन सूत वजा दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तीन सूत म्हणजे ३/८ इंच, ९.५२५. गाइडचं भोक पुरतं तीन सूत ठेवायचं आणि दांडी दोन थाऊ बारीक, हा साधा हिशोब आहे. ९.५ एच७ रीमरने भोक ९.५०० ते ९.५१५ मध्ये येईल, दांडीला जागा ०.०३ ते ०.०४५. इनटेकला ते चालून जाईल. एक्झॉस्टला गरम झाल्यावर दांडी फुगते आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकतो. तीन सूतच्या एच७ रीमरने ९.५२५ ते ९.५४० मिळेल, म्हणजे जागा ०.०५५ ते ०.०७. एक्झॉस्टला एवढीच हवी.

आणि घासलेल्या दांडीवर नवा गाइड बसवू नका. ९.४४ च्या जागी हीच जागा ०.१ पर्यंत जाते, गाइड पुन्हा घंटेसारखा तोंडाला फाकतो. नवा व्हॉल्व्ह आधी आणा, त्याची दांडी मायक्रोमीटरने मोजा, मग रीमर ठरवा. दांडी ९.४९ निघाली तर हिशोब पुन्हा करावा लागेल.

मायक्रॉन_मामा
मटेरियलबद्दल मी लिहितो. एक्झॉस्टला बीडच घ्या, ग्रे कास्ट आयर्न, एफजी २६० दर्जाचा रॉड. बिडात ग्रॅफाइटच्या पापड्या असतात, तेल कमी पडलं तरी दांडी कोरडी घासून चिकटत नाही. फॉस्फर ब्राँझ उष्णता छान नेतो, पण तो अंशाला मीटरमागे १७-१८ मायक्रॉन वाढतो आणि बीड १०-११. बाहेरून बिडाच्या हेडने आवळलेला असल्याने ब्राँझला बाहेर वाढायला जागा नसते, वाढ भोकाकडे येते. म्हणून ब्राँझ लावायचा तर जागा वाढवावी लागते, आणि थंड इंजिन सुरू करताना दांडी डुलते. पितळ तर नाहीच. माइल्ड स्टीलवर स्टीलची दांडी लगेच ओरखडे पाडते, तोही विचार नको.

मकरपुरा जीआयडीसीत (वडोदऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत) बार विकणाऱ्यांकडे कंटिन्युअस कास्ट रॉड मागा. २२ किंवा २५ व्यासाचा, ११० लांब तुकडा पुरे. भंगारातून जुनी वजनं किंवा तुटकी पुली आणून त्यातून काढू नका. त्यात चिल झालेले (ओतताना झटकन थंड झालेले) पांढरे, काचेसारखे कडक भाग निघतात. टूल किंचाळायला लागलं आणि कापलेल्या जागी चकचकीत पांढरा ठिपका दिसला की तो तुकडा सोडून द्यायचा. त्याच्यावर रीमर घातलात तर रीमर गेला.

वाघोडियावाला
मी एक विचारू का? तयार गाइडला बाहेरून नर्लिंग (खरखरीत उंचवटे) मारून बसवला तर? आमच्याकडे बरेच जण तसंच करतात ने.

मायक्रॉन_मामा
करतात, आणि सहा महिन्यांनी पुन्हा करतात. नर्लिंगच्या फक्त टोकांवर गाइड टेकतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता बहुतेक सीटमधून (व्हॉल्व्हचं डोकं टेकतं त्या कडेतून) जाते, पण उरलेली दांडीतून गाइडला आणि गाइडमधून हेडला जायला हवी. मधे हवेची फट राहिली की गाइड तापतो, टोकं दबतात, आणि गाइड ढिला होऊन वर-खाली चालायला लागतो. तोवर भोक १५.८९ वरून १६ च्या पुढे गेलेलं असतं.

कलाभवनकर
क्रमाचा मुद्दा कोणी उलगडला नाही, तो मी घेतो, कारण हा भाग बहुतेक इथेच बिघडतो.

पादराभाई, तुमच्या योजनेत भोक आणि बाहेरचा व्यास एकाच सेटिंगमध्ये आहेत, म्हणून ते एककेंद्री येतील असं वाटतं. छोट्या बुशला हे खरं आहे. इथे ९.५ चं भोक ७२ खोल, म्हणजे व्यासाच्या साडेसात पट. एवढ्या खोलीवर ट्विस्ट ड्रिल वाकतं. तोंडाशी केंद्रात असतं आणि शेवटी ०.२, कधी ०.३ सरकलेलं. रीमर ते दुरुस्त करत नाही, तो ड्रिलच्या मागे जातो. बोरिंग टूलने सरळ करावं तर साडेआठच्या भोकात ६ मिमीचा दांडा ७२ लटकवावा लागतो, तो नुसता थरथरतो.

म्हणून आधी भोक पूर्ण करायचं, मग त्या भोकातून मँड्रेल (काम धरणारा अचूक दांडा) घालून सेंटरमध्ये बाहेरचा व्यास भोकाच्या संदर्भाने काढायचा. भोक रॉडच्या हिशोबाने तिरकं गेलं तरी चालतं, कारण बाहेरचा व्यास त्याच्याभोवती फिरणार.

दुसरं, शेवटचं माप लेथवर काढायचंच नाही. गाइड दाबून बसवला की त्याचं भोक आवळतं. बिडात बीड, भोवती भरपूर धातू असेल तर भोक किती आवळेल याचा हिशोब साधा आहे: जेवढा इंटरफिअरन्स (गाइड भोकापेक्षा जेवढा जाड तेवढा फरक), गुणिले आतला व्यास भागिले बाहेरचा. ०.०३५ गुणिले ९.४ भागिले १५.९ म्हणजे जवळपास ०.०२. भोवतीची भिंत पातळ असेल तिथे त्याहून कमी. म्हणजे लेथवर तुम्ही अचूक ९.५३ केलंत तर हेडमध्ये ते ९.५१ होतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही, कारण वरचे २२ मिमी मोकळे आहेत. म्हणून लेथवर ९.४० ठेवा आणि तीन सूतचा हँड रीमर हेडमध्येच फिरवा.

पादरा_पंपसेट
हे पटलं. मग ९.४० चं भोक कसं काढू? ९.४ चं ड्रिल थेट घातलं तर मँड्रेल त्यात नीट बसेल का?

कलाभवनकर
९.४ चं ड्रिल बिडात ९.४३-९.४५ करेल, गोलपणाही यथातथाच. मँड्रेल एका तोंडाला धरेल आणि दुसरीकडे डुलेल. डी-बिट (अर्धा कापलेल्या गोल दांड्याचं, भोक सरळ करणारं हत्यार) करा. तासाभराचं काम आहे आणि नंतर जन्मभर उपयोगी पडतं.

सिल्व्हर स्टीलचा १० चा रॉड, १५० लांब. पुढचे ९० मिमी ९.४० ला फिरवा. पुढचे ३० मिमी अर्धे फाइल करा, पण अचूक अर्ध्यापेक्षा मिलिमीटरचे चार-पाच शतांश जास्त ठेवा. अर्ध्याच्या खाली गेलात तर भोक लहान येईल. तोंडाला सुमारे ५ अंशांचा उतार आणि मागे १० अंश क्लिअरन्स. लालबुंद म्हणजे चेरीच्या रंगाला, ७८० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात सरळ उभा बुडवा. तिरका बुडवला की वाकतो. मग घासून चकचकीत करून पिवळसर गवती रंग येईपर्यंत हळू तापवा आणि पुन्हा बुडवा. सपाट बाजू ऑइलस्टोनवर घासा. गोल बाजूला हात लावू नका, माप तिथे आहे.

आता क्रम:
रॉड चकमध्ये, ८५ बाहेर. फेसिंग (तोंड सपाट करणं), सेंटर ड्रिल, टेलस्टॉकचा आधार. बाहेरून १७.५ पर्यंत रफ. पहिला कट १.५-२ मिमी खोल घ्या, म्हणजे टूलचं टोक ओतकामाच्या बाहेरच्या कडक कवचाच्या खाली राहील. कवचावर हलका कट घेतला की तो कडक थर टूलची धार खातो. रफिंग आधी करायचं आणखी एक कारण: कास्टिंगमधला ताण कवच निघाल्यावर सुटतो, भोक त्यानंतर पडलं तर ते पुन्हा वाकत नाही.

मग ८.५ चं ड्रिल ७८ खोल, ५०० आरपीएमला, दर ८-१० मिमीला बाहेर काढून. मग लहान बोरिंग टूलने तोंडाचे पहिले १२ मिमी अचूक ९.४० ला बोअर करा, डी-बिट त्यात घट्ट सरकेल असं. डी-बिटची खरी सरळ रेषा इथे ठरते, हे १२ मिमी वाकडे असतील तर पुढचं सगळं वाकडं. मग डी-बिट टेलस्टॉकमध्ये, १५०-१८० आरपीएम, दर ४-५ मिमीला बाहेर काढून ब्रशने भुकटी साफ. ८.५ चं ड्रिल थोडं सरकलं असेल तरी दर बाजूला ०.४५ मटेरियल शिल्लक आहे, डी-बिट ते खात सरळ जातो. शेवटी ७४ वर पार्टिंग.

टेलस्टॉक
एक भर. बीड कोरडंच कापा. कूलंट टाकलं तर भुकटी आणि पाण्याचा लगदा होतो आणि तो बेडवर पॉलिशिंग पेस्टसारखा काम करतो. बेडचं तेल आधी पुसा आणि वर कापड टाका, कॅरेजच्या वायपरखाली भुकटी गेली की गेली. हवेची नळी मारू नका, भुकटी लीड स्क्रूमध्ये आणि डोळ्यात जाते. जुना व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात चांगला.

टूल के२० कार्बाइड, स्टीलसाठी असलेलं पी३० नाही. कार्बाइडला ६०-७० मीटर प्रति मिनिट म्हणजे १७.५ व्यासावर हजार-बाराशे आरपीएम लागतात, बेल्टच्या लेथवर तेवढे नसतात. जेवढे आहेत तेवढ्यावर चालेल, फक्त धार तीक्ष्ण हवी. एचएसएस (हाय स्पीड स्टील) घेतलंत तर २० मीटरच्या हिशोबाने साडेतीनशेच्या आसपास ठेवा.

वाघोडियावाला
डी-बिट वगैरे एवढं करायची गरज आहे का? ८.५, मग ९.३ चं ड्रिल, मँड्रेलवर घट्ट ठोकून बाहेरून फिरवलं, हेडमध्ये रीमर. झालं ने?

कलाभवनकर
चालेल, आणि बऱ्याच वेळा ठीकही येतं. दोन ठिकाणी अडचण. ड्रिलचं भोक गोल नसलं की मँड्रेलवर गाइड एका बाजूला झुकून बसतो, बाहेरचा व्यास तसाच झुकतो, आणि व्हॉल्व्ह सीटवर एका कडेला बसतो. ते सीट कटरने काढता येतं, पण सीटचं मटेरियल जातं आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो. दुसरं, ९.३ च्या ड्रिलनंतर रीमरला ०.२ च्या आसपास काढावं लागतं. हँड रीमरला ते जड जातं, आणि वाकड्या भोकात तो वाकडाच चालतो. ज्याला फक्त एकच गाइड करायचा आहे आणि सीट जाड आहे, त्याने ड्रिलचा रस्ता घ्यावा. दोन्ही गाइड करायचे असतील तर डी-बिट.

रेवाकाठ
मँड्रेलचा तपशील कोणी देईल का? ९.४ चा बारीक दांडा सेंटरमध्ये वाकणार नाही का?

टेलस्टॉक
दांडा बारीक असला तरी वर गाइड चढलेला असतो, त्यामुळे मधला भाग १६-१७ चाच म्हणायचा. वाकतो तो गाइडच्या दोन्ही बाजूंचा उघडा भाग. तो जितका आखूड तितकं बरं.

ईएन ८ चा १२ चा बार, १५० लांब, दोन्ही टोकांना सेंटर. मधले १०० मिमी असे काढा की एका टोकाला ९.३९ आणि दुसऱ्याला ९.४३. हा टेपर मिळवायला टेलस्टॉक फक्त ०.०३ सरकवायचा असतो, खरं तर जुन्या लेथवर तो तेवढा सरकलेला असतोच, टेस्ट कट घेऊन बघा, नशिबाने बरोबर दिशेला असेल तर हात लावू नका. पातळ टोकाकडून तेलाचा थेंब लावून गाइड सरकवा, शेवटी तांब्याच्या हातोडीने हलका ठोका. जाड टोक हेडस्टॉककडे, डॉगच्या (मँड्रेल फिरवणाऱ्या पकडीच्या) बाजूला. कट घेताना टूल गाइडला हेडस्टॉककडे ढकलतं, मग तो आणखी घट्ट होतो. उलटा लावला तर मधेच फिरायला लागतो आणि भोकाला ओरखडे.

टेलस्टॉकला डेड सेंटर असेल तर ग्रीस घाला. मँड्रेल गरम होऊन लांबतो, सेंटर आवळतो, तेव्हा दर दोन कटनंतर थोडा सैल करून पुन्हा बसवा.

आधी मँड्रेलवरच दोन्ही तोंडं फेस करून लांबी ७२ करा, मग बाहेरचा व्यास. १७.५ वरून १६.३, १६.०५, १५.९७, मग शेवटचे. टूल नोजला ०.८ ची गोलाई, फीड ०.०५ ते ०.०८ प्रति फेरा.

मायक्रॉन_मामा
बाहेरचं माप काय घ्यायचं, ते हेडमधल्या भोकावर. आणि तिथे १५.८९ हा एकच आकडा पुरेसा नाही. तीन खोलींवर, दोन दिशांनी सहा वाचनं घ्या. टेलिस्कोपिक गेजने अनुभवी हातालासुद्धा एक शतांश इकडे-तिकडे होतो. त्यापेक्षा माइल्ड स्टीलच्या दांडीवर पायऱ्यापायऱ्यांचं गेज फिरवून घ्या: १५.८७, १५.८८, १५.८९, १५.९०, प्रत्येकी १५ लांब. कोणती पायरी कुठवर जाते ते बघा. गेज आणि गाइड दोन्ही एकाच मायक्रोमीटरने मोजले की मायक्रोमीटरची चूकही कटते.

सगळीकडे १५.८९ असेल तर गाइड १५.९२५. बिडाच्या हेडला ०.०२५ ते ०.०५ इंटरफिअरन्स चालतो, ०.०३५ मधला आकडा. ०.०७ गेलात तर बसवताना गाइड चिरतो किंवा हेडच्या बॉसला तडा. ॲल्युमिनियम हेडची गोष्ट वेगळी, तिथे जास्त लागतो, ते इथे मिसळू नका.

कोमट गाइड मोजू नका. ३० अंश गरम असेल तर १६ व्यासावर अर्धा शतांश मोठा दिसतो. एवढ्याने बिघडत नाही, पण शेवटच्या कटला हीच चूक डायलच्या बॅकलॅशमध्ये मिसळते.

रेवाकाठ
शेवटचा एक-दोन शतांशाचा कट क्रॉस स्लाइडच्या डायलवर घेणं अवघडच जातं. डायलचा एक भाग व्यासावर ०.०५ काढतो.

टेलस्टॉक
कंपाउंड स्लाइड (क्रॉस स्लाइडवरची, कोनात फिरवता येणारी छोटी स्लाइड) लेथच्या अक्षाशी पावणेसहा अंशांवर फिरवा, नेमका आकडा ५.७४. मग कंपाउंडने ०.१ पुढे गेलं की टूल कामात ०.०१ शिरतं, व्यासावर ०.०२. क्रॉस स्लाइड लॉक करा आणि सगळं फिनिशिंग कंपाउंडनेच. कंपाउंड तिरका असल्याने टूल थोडं बाजूलाही सरकतं, सरळ व्यासावर त्याचा फरक पडत नाही.

१५.९५ आल्यावर तोच कट खोली न वाढवता पुन्हा एकदा फिरवा. मधे पोट राहिलं असेल तर निघेल. मग तीन जागी मोजा. दोन टोकांत ०.०१ पेक्षा जास्त फरक असेल तर आधी टेलस्टॉक, मग कट. एमरीने माप आणायला जाऊ नका, टोकं गोल होतात आणि गाइड मधल्या भागावरच धरतो. एमरीचा एकच उपयोग, बर काढायला.

खालच्या टोकाला, म्हणजे जे आधी शिरणार तिथे, ३ मिमी लांबी १५.८७ ची करा आणि १५ अंशांचा चँफर (कडेला उतार). त्याने गाइड सरळ धरला जातो. पण आतल्या भोकाची खालची कडा मात्र तीक्ष्णच ठेवा, चँफर करू नका. ती कडा दांडीवरचा कार्बन खरवडून काढते. वरच्या टोकाला आत-बाहेर दोन्हीकडे छोटा चँफर.

पादरा_पंपसेट
हेडमधलं भोक थोडं अंडाकृती निघालं तर? गेज करून बघतोच, पण आधी विचारून ठेवतो. १६ एच७ रीमर मारून मोठं केलं तर चालेल?

मायक्रॉन_मामा
०.०१५ पर्यंत अंडाकृती असेल तर काहीही करू नका, बीड तेवढं सामावून घेतं. त्याच्या पुढे असेल तर १६ चा रीमर, आणि मग गाइड १६.०४५ ते १६.०५ कारण रीमरने भोक १६.०० ते १६.०१८ होईल. पण रीमर मोकळ्या हाताने नाही. सीटच्या मध्यावर बसणारी पायलटवाली जिग करा, किंवा हेड ड्रिल मशिनवर सीटला डायल लावून केंद्रात आणा. गाइडचा अक्ष सीटपासून ०.२ सरकला की सीट कटरला एका बाजूनेच खावं लागतं.

कलाभवनकर
१६ चा रीमर हाताशी आहे म्हणून मारायचा हे मला पटत नाही. जे भोक अजून गोल आहे त्याचा मूळ अक्ष हेच तुमच्याकडचं सगळ्यात विश्वासू माप आहे. एकदा घालवलं की परत येत नाही. आणि १५.९२५ चा गाइड काढायला १६.०५ च्यापेक्षा काहीही जास्त कष्ट नाहीत.

मायक्रॉन_मामा
त्यात वाद नाही. अंडाकृती असेल तरच.

वाघोडियावाला
बसवायचं कसं ते सांगा. हातोड्याला सगळे नाही म्हणताहेत.

टेलस्टॉक
बीड ठोक्याने तुटतं, विशेषतः वरचे २२ मिमी जे आधाराशिवाय उभे असतात. ओढून बसवा.

जुना गाइड काढताना पोर्टमध्ये डोकावणाऱ्या ६ मिमीवरचा कार्बन आधी पूर्ण खरवडा. पायरीच्या ड्रिफ्टने सीटच्या बाजूने वर ठोकताना तोच कार्बन भोकातून घासत जातो. बहुतेक भोकं अशीच मोठी होतात. तुमचं १५.८९ त्यामुळेच झालं असावं.

हेड ओव्हनमध्ये १२०-१३० अंशांना तासभर. सगळं सारखं तापलं पाहिजे. गॅसची ज्योत एका जागी मारली तर दोन सीटांमधल्या पुलाला तडा जातो. गाइड फ्रीझरमध्ये रात्रभर. हेड १०० अंश वाढलं की १६ चं भोक ०.०१७ वाढतं. गाइड ३० वरून वजा १८ ला गेला की ०.००८ आवळतो. ०.०३५ मधले २५ मायक्रॉन असेच गेले, दाबायला फक्त एक शतांश उरला.

ओढायला एम८, ८.८ दर्जाचा १८० लांब स्टड. तो गाइडच्या ९.४ च्या भोकातून पोर्टमधून खाली येतो. खाली हेडच्या पृष्ठभागावर जाड पट्टी, मधे ॲल्युमिनियमचा तुकडा, सीटला ओरखडा नको. वर पितळी वॉशर आणि नट. गाइडभोवती २२ लांबीचा पाइपचा तुकडा ठेवा, वॉशर त्यावर टेकला की उंची बरोबर. थंड हेडमध्ये ०.०३५ साठी ओढायला अंदाजे दोन टन लागतील, आणि एम८ स्टडची सहनशक्ती तेवढीच आहे. स्टड तुटला तर हेड तापवलेलं नव्हतं एवढं समजायचं.

काम झटपट करा. निम्म्यात थांबलात तर गाइड हेडएवढा तापतो आणि तिथेच धरतो. सगळी हत्यारं आधी टेबलावर मांडून ठेवा, हातमोजे घाला.

पादरा_पंपसेट
उंची २२ च का? अजून वर ठेवला तर दांडीला जास्त आधार मिळेल ने?

टेलस्टॉक
व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की स्प्रिंगची वरची कॅप खाली येते. तिच्या तळात आणि गाइडच्या डोक्यात कमीत कमी दीड-दोन मिमी राहिले पाहिजेत. व्हॉल्व्ह स्प्रिंगशिवाय बसवा, कॅप आणि कॉटर (कॅप दांडीवर अडकवणारी खीळ) लावा, कॅमच्या लिफ्टइतका खाली दाबून मोजा. मगच उंची ठरवा. २२ हे जुन्या गाइडचं माप आहे म्हणून बरोबर असेलच, पण व्हॉल्व्ह नवा येणार आहे, कॉटरचा खाच वेगळा निघू शकतो.

रेवाकाठ
आणि गाइडमध्ये तेलासाठी स्पायरल खाच करतात, ती करायची का?

मायक्रॉन_मामा
एक्झॉस्टला नको. खाचेत कार्बन बसतो आणि तोच दांडी धरतो. या जुन्या इंजिनांना रॉकर आणि दांडीला तेल हातानेच द्यावं लागतं. तेलाचा डबा पंपाच्या शेजारी टांगून ठेवा.

कलाभवनकर
रीमिंगबद्दल. हेड पूर्ण थंड झाल्यावर, दुसऱ्या दिवशी. तीन सूतचा हँड रीमर, ज्याला पुढे लांब उतार असतो. मशिन रीमर हाताने फिरवायला जाऊ नका, त्याला उतार फक्त टोकाशी असतो आणि तो सुरुवातीलाच डुलतो. वरच्या बाजूने, टॅप रेंचने, दोन्ही हातांचा दाब सारखा. कोरडं. दर दोन-तीन फेऱ्यांनी काढून ब्रश. बाहेर काढतानासुद्धा घड्याळाच्या दिशेनेच फिरवत काढायचा, उलटा फिरवला की धार बोथट होते आणि भोकात उभ्या रेषा येतात. शिल्लक ०.१५ च्या आत आहे, हाताला जड लागणार नाही. जड लागला तर थांबा आणि बघा, दाब वाढवू नका.

नंतर केरोसीनने धुवा. पातळ तेल लावलेला व्हॉल्व्ह गाइडमध्ये स्वतःच्या वजनाने हळू उतरला पाहिजे. व्हॉल्व्ह १० मिमी उचलून डोक्याला डायल गेज लावा, हलवून बघा. गाइडच्या खूप खाली मोजत असल्याने वाचन खऱ्या जागेच्या दुपटीच्या आसपास येतं. ०.१२ ते ०.१५ दिसलं तर गाइड बरोबर आहे. ०.२ च्या पुढे म्हणजे रीमर तोंडाशी डुलला.

टेलस्टॉक
आणि सीट. नवा गाइड म्हणजे नवा अक्ष, सीट न कापता नुसतं लॅपिंग पेस्टने घासत बसू नका. तीन सूतचा पायलट गाइडमध्ये, ४५ अंशांचा कटर, पूर्ण गोल चमक येईपर्यंतच. रुंदी दीड ते दोन मिमी. व्हॉल्व्हला मार्किंग ब्लू लावून टेकवा, सगळीकडे अखंड पट्टी दिसली पाहिजे. लॅपिंग अगदी थोडं. स्प्रिंग लावून पोर्टमध्ये केरोसीन ओता, खालून थेंब दिसता कामा नये.

बसवण्याआधी रॉकरचं टोक बघा. तिथे खळगा पडला असेल तर रॉकर दांडीला दर वेळी बाजूला ढकलतो. जुना गाइड तोंडाला ०.१८ जास्त फाकला, तो एकट्या कार्बनने नाही. खळगा ऑइलस्टोनने घासा, खोल असेल तर वेल्ड करून पुन्हा ग्राइंड करा.

पादरा_पंपसेट
रॉकरला खळगा आहे, आत्ता बघितला. नखाला लागतो एवढा. इनटेकचा गाइडही उघडून बघितला. भोक ९.५८ आणि दांडी ९.४९. तोही आत्ताच करू का?

कलाभवनकर
करा. डी-बिट आणि मँड्रेल तयार होतीलच, दुसऱ्याला फक्त बिडाचा आणखी एक तुकडा लागतो. ९.४९ ची दांडी आणि त्याच तीन सूतच्या रीमरचं भोक म्हणजे जागा ०.०३५ ते ०.०५, इनटेकला तेवढीच हवी. वेगळा रीमर नको. फक्त दोन्ही गाइड एकाच तापवण्यात बसवा, हेड दोनदा तापवू नका. आणि इनटेकची बाहेरची मापं पुन्हा घ्या, दोन्ही भोकं सारखी असतील असं धरून चालू नका.

मायक्रॉन_मामा
रॉकर वेल्ड करायचा तर हार्डफेसिंगचा रॉड वापरा. साध्या ई६०१३ ने भरलंत तर ते मऊ राहतं, खळगा पुन्हा पडतो. ग्राइंड करताना मूळ गोलाई पुठ्ठ्यावर कापून आधी टेम्प्लेट करून ठेवा, वेल्ड चढल्यावर ती दिसत नाही.